गव्हाणीतला प्रभू रोजच्या जगण्यात कसा आणायचा: नाताळाआधी करायच्या काही गोष्टी

नाताळाच्या संदेशात दरवर्षी ऐकतोच आपण, प्रभू गव्हाणीत जन्मला, केवढा नम्र झाला, आमेन, आणि उपासना सुटली की बाहेर मंडपात पहिली पंगत पाहुण्यांची, दुसरी कमिटीची, पोराटोरांची मग कधीतरी, आणि पहाटेपासून पुऱ्या लाटणाऱ्या बाया दुपारी साडेतीनला गार भात घेऊन भिंतीला टेकून बसलेल्या. कोणाच्या मनात वाईट नसतं हो, फक्त संदेश एकीकडे आणि मंडप एकीकडे असं होऊन बसलंय. म्हणून हे लिहायला घेतलं, की गव्हाणीचा अर्थ कळला असेल तर डिसेंबरमध्ये आणि त्यानंतर नक्की करायचं काय. मी नवापूरकडची, नंदुरबार जिल्ह्यातली, संडे स्कूल घेते, धर्मशास्त्राची डिग्री वगैरे नाही, त्यामुळे जड भाषा येणार नाही.

आधी नीट वाचा

बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आणि मत्तयच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, दोन्ही वेगवेगळे, मोठ्याने, घरातल्या सगळ्यांना बसवून वाचा आणि एखाद्या पोराच्या हातात वही द्या, यात खरंच काय काय आहे ते लिहून काढायला सांगा. गंमत होते. गाढव सापडत नाही. बैल सापडत नाही. मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून तारा बघत आलेले ज्ञानी, तीनच होते असंही कुठे नाही, भेटी तीन आहेत, सोनं, ऊद, गंधरस, आणि मत्तय सांगतो की ते घरात आले, गव्हाणीपाशी नाही. बर्फाचं तर नावच नाही, तरी आपल्याकडे कापूस पसरल्याशिवाय गव्हाणी पुरी होत नाही, आणि कापसाला भाव मिळत नाही म्हणून वर्षभर रडणारे पण आपणच.

मग जे आहे त्याकडे बघा. औगुस्त कैसराचा हुकूम सुटला, नावनिशी लिहायची, म्हणून नासरेथहून बेथलेहेमला जावं लागलं, रस्त्याने साधारण १३० ते १५० किलोमीटर, म्हणजे नवापूरहून हायवेने धुळं गाठायचं आणि तरी पुढे चालतच राहायचं, सोबत दिवस भरत आलेली बाई. स्वतःच्या मर्जीने केलेला प्रवास नाही हा, वरून कागद आला म्हणून केलेला. आणि तिथं पोचल्यावर जागा नाही.

आता ही जागा कसली, यावर पुष्कळ अभ्यासकांचं म्हणणं असं की गावाबाहेरचा एकटा गोठा डोळ्यासमोर आणू नका, त्या काळी त्या मुलखातल्या साध्या घरांत रात्री जनावरं घरातच एका बाजूला बांधत, माणसं जरा उंचवट्यावर झोपत, आणि दोन्हीच्या मधे गव्हाणी असायची. खानदेशातल्या माणसाला हे समजायला काय जड आहे, आपल्या जुन्या धाब्याच्या घरात शिरलं की आधी बैलच दिसायचे, आणि सातपुड्यात पावरा-भिल्लांच्या घरी आजही माणसं आणि गुरं एकाच छपराखाली असतात. तसं असेल तर चित्र बदलतं ना. म्हणजे कोणीतरी अगदी साध्या घराने आधीच भरलेल्या घरात या दोघांना सरकून जागा दिली, बाळंतपण केलं, आणि बाळाला ठेवायला जे होतं ते दिलं.

अजून एक ओळ आहे जी संदेशात सहसा कोणी घेत नाही, लूक २:२४. बाळाला मंदिरात नेलं तेव्हा अर्पण काय केलं, तर होल्यांची जोडी किंवा पारव्याची दोन पिलं. लेवीय, म्हणजे जुन्या करारातलं नियमांचं पुस्तक, त्याचा १२ वा अध्याय उघडा, नियम आहे कोकरू आणायचं, आणि ऐपत नसेल तर दोन पाखरं चालतील. म्हणजे गरिबांसाठी जी सवलत होती त्यात येशूच्या आईबापाने अर्पण केलं. योसेफ कामकरी माणूस, हाताला कसब होतं, पण कोकरू परवडत नव्हतं. गव्हाणी हा काही एका रात्रीचा सीन नव्हता, घरची परिस्थितीच तशी होती.

मुद्दा काय आहे

आता माझं म्हणणं. आपण नम्रता म्हटलं की लगेच द्यायला निघतो, ब्लँकेट, खाऊ, जुने कपडे. पण गव्हाणीतलं बाळ काही वाटत नव्हतं, ते घेत होतं. आईचं दूध, कोणाचं तरी छप्पर, कोणाच्या तरी जनावराची गव्हाणी, आणि मेंढपाळ आले तर त्यांच्या खरबरीत हातांनी उचलून घेतलं असेल तेही गुपचूप. सगळं निर्माण करणारा पहिल्यांदा आला तो असा, की दुसऱ्याने कूस बदलून दिल्याशिवाय वळताही येत नाही. पुढे मोठा झाल्यावरही तेच, विहिरीवर शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं, जक्कय नावाच्या जकातदाराला म्हणाला आज तुझ्या घरी उतरणार, मचवा दुसऱ्याचा, शिंगरू दुसऱ्याचं, शेवटी कबरसुद्धा दुसऱ्याची.

देणारा नेहमी वरच्या पायरीवर उभा असतो. घेणाऱ्याला खाली यावं लागतं, आणि तेच आपल्याला जमत नाही. मला विचाराल तर ख्रिस्ती माणसाची नम्रता तपासायची असेल तर त्याने किती वाटलं ते बघू नका, गरिबाच्या हातचं तो कधी जेवला ते विचारा.

जायचं कसं, बसायचं कसं

दिवाळी झाली की आपल्या भागातून ऊसतोडीला टोळ्या निघतात, कोणी दक्षिण गुजरातेत, बारडोलीकडे, कोणी शहादा भागातल्या फडात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, टोळी नेणारा मुकादम ट्रकमध्ये भरतो, आणि मार्च-एप्रिलपर्यंत घर म्हणजे कोपी. नाताळाला ही माणसं तिथंच असतात, त्यांच्यात आपल्या मंडळीतलेही कितीतरी असतात, चर्चच्या रजिस्टरमध्ये नाव, आणि २५ तारखेला हातात कोयता. कागदाच्या आणि पोटाच्या पायी घर सोडून आलेली, दिवस भरत आलेली बाई सोबत, लूकची गोष्ट आपल्या शिवारात दरवर्षी चालू असते, वेगळा देखावा उभारायची खरं तर गरजच नाही.

तर त्यांच्याकडे जा. पण कसं जायचं ते सांगते, कारण इथंच घोटाळा होतो. गाडी भरून, बॅनर लावून, वीस जण जाऊ नका. दोघं-तिघं जा, त्यात एक तरी बाई हवी. दुपारी जाऊ नका, माणसं फडात असतात, दिवस मावळला की जा, तेव्हा चुली पेटलेल्या असतात. मुकादमाला आधी फोन करून ठेवा नाहीतर त्याला वाटतं युनियनवाले आले. पहिल्या खेपेला हातात काही नेऊ नका, हे सगळ्यात अवघड जातं लोकांना, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणतात, पण जा तर खरं.

कोपी म्हणजे बांबूच्या कमानी वाकवून त्यावर पाचट नाहीतर ताडपत्री, आत एका अंगाला पेटी आणि गोणपाटात गुंडाळलेले कोयते, साडीच्या झोळीत लेकरू, तीन दगडांची चूल दाराशीच. आत उभं राहता येत नाही. घरची बाई म्हणते, "बठा ना ताई, कोरा च्या चाली का?" आणि तुम्ही म्हणायचं, चाली. नको नको, राहू द्या, कशाला त्रास, असलं काही म्हणायचं नाही. दूध नसतं, साखर मात्र भरपूर घालतात पाहुण्याला, तो चहा पूर्ण प्यायचा, ग्लास ओशट असला तरी. भाकर पुढे आली तर भाकर खायची. मिरचीचा ठेचा झोंबला तर पाणी मागायचं, तिथलंच, पिशवीतली बिसलेरी काढायची नाही. पोट बिघडेल अशी भीती वाटत असेल तर कोरा चहा उकळलेला असतो, त्यावर भागवा, पण घ्या काहीतरी.

मग बोला. संदेश देऊ नका, विचारा. गाव कोणतं, पोरं शाळेत होती का, शिक्षण हमी कार्ड करून दिलं का शाळेने, म्हणजे इथल्या शाळेत त्यांना बसता येतं. रेशन इथल्या दुकानात मिळतंय का, आपल्याकडे आता दुसऱ्या गावच्या दुकानातही धान्य घेता येतं पण ते दुकानदाराला कोणीतरी जाऊन सांगावं लागतं. आणि कोणी बाई गरोदर असेल तर बाकी सगळं राहू द्या, आधी तिचं विचारा. कितवा महिना, तपासणीचं कार्ड आहे का, तारीख कधीची दिलीय. त्या गावच्या आशाताईचा नंबर मिळवा आणि कोपीतल्या दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये टाकून द्या, महाराष्ट्र असो की गुजरात, १०८ ला फोन केला की अँब्युलन्स येते हे सांगा, आणि फडापर्यंत रस्ता नसेल तर गाडी कुठपर्यंत येऊ शकते ते दिवसाउजेडी ठरवून ठेवा, रात्री दोनला ते सुचत नाही. गव्हाणीच्या गाण्यावर नाचण्यापेक्षा मला हे लाख मोलाचं वाटतं.

प्रार्थना करायची का? करा, पण आधी त्यांना म्हणा की तुम्हीच आमच्यासाठी करा. बघा काय होतं. एखादी म्हातारी अशी प्रार्थना करते की पाळकसाहेबांनी वही काढावी.

मेंढपाळांचंही तेच. धुळे-साक्रीकडे ठेलारी लोक मेंढरं घेऊन हिंडतात, घोड्यावर बिऱ्हाड, कोंबड्या, लेकरं, सगळं सोबत, थंडीत कोणाच्या तरी वावरात मेंढरांचा वाडा बसवलेला असतो, लेंडीखत मिळतं म्हणून शेतकरी बोलावतो आणि उभ्या पिकात एक मेंढी शिरली की तोच काठी घेऊन धावतो. रात्री लांडग्याच्या भीतीने जागतात. देवदूताने पहिली बातमी सांगितली ती अशाच माणसांना, ज्यांना गावात कोणी विचारत नव्हतं. तुमच्या शेजारच्या वावरात वाडा असेल तर संध्याकाळी जाऊन शेकोटीपाशी बसा, एवढंच.

वाटप करायचंच असेल तर

करा बापा, मी नको म्हणत नाही, थंडी खरी असते आणि ब्लँकेटने ऊब येतेच. फक्त फोटो नको. माणूस हात पुढे करतोय आणि आपण दात काढून कॅमेऱ्यात बघतोय असले फोटो स्टेटसला लावू नका, तुमच्या बापाचा तसा फोटो कोणी लावला असता तर चाललं असतं का. घरी जाऊन द्या, अंधार पडल्यावर द्या, लाईन लावू नका. कपडे जुने देणार असाल तर जे तुम्ही स्वतः चर्चला घालाल तेच द्या. आणि कोणाच्या घरी द्यायला गेलात आणि त्याने परसातली चार वांगी, भुईमुगाच्या शेंगा, काही पुढे केलं, तर घ्या, पिशवीत घाला आणि घरी भरीत करून खा. तिथं हिशोब बरोबरीचा झाला.

मंडळीत काय बदलता येईल

पौलाने फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात जे लिहिलंय, तो देवाच्या स्वरूपाचा असून त्याने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, ते आपण फार उंच आवाजात वाचतो, पण ते कशासाठी लिहिलं ते बघा. पौल कैदेत, आणि तिकडे मंडळीत कुरबुरी, चौथ्या अध्यायात तर दोन बायांची नावं घेऊन सांगितलंय की एकचित्त व्हा. म्हणजे एवढं मोठं ख्रिस्तगीत कशाला, तर चर्चमधली भांडणं मिटवायला. आपल्याकडे भांडण कशावरून असतं? फ्लेक्सवर कोणाचा फोटो मोठा. स्टेजवर कोण बसणार. शाल-श्रीफळ कोणाला राहिलं. एका गावात तर आभार मानताना एक नाव सुटलं म्हणून ते घर वर्षभर आलं नाही, गाव सांगत नाही, तुमच्याही गावात असेलच असं एखादं घर.

त्यामुळे यंदा कमिटीत मांडून बघा: नाताळाच्या फ्लेक्सवर कोणाचाच फोटो नको. स्टेजवर खुर्च्या नकोत, सगळे खाली सतरंजीवर, गुडघे दुखणाऱ्यांना खुर्ची, मग तो आमदार असो की सालदार. सत्कार नको. पंगतीत पहिली पंगत स्वयंपाक करणाऱ्या बायांची आणि मंडप बांधणाऱ्या पोरांची, आणि वाढायला पाळक, वडीलमंडळी, खजिनदार. लूक १४ मध्ये प्रभूने सरळ सांगितलंय, जेवण घालशील तर मित्र, भाऊबंद, श्रीमंत शेजारी यांना बोलावू नको, गरीब, व्यंग, लंगडे, आंधळे यांना बोलाव, कारण ते परत फेडू शकत नाहीत. हे आपण वाचतो आणि मग पत्रिका नगरसेवकाला देतो.

विरोध होईल. ठीक आहे, सगळं एका वर्षात नको, पंगतीचं तेवढं करून बघा.

आणि नव्या कपड्यांचं. हे बारीक वाटतं पण मला याचं फार लागतं. २५ तारखेला सगळे नवेकोरे येतात म्हणून ज्याच्या पोरांना यंदा घेता आले नाहीत ते घर त्या दिवशी चर्चला येतच नाही, ताप आलाय सांगतात. प्रभूच्या वाढदिवसाला प्रभूसारखे गरीब घरात बसून राहतात. उपाय सोपा आहे, पाळकसाहेब, त्यांच्या घरचे आणि कमिटीवाले यांनी ठरवून धुतलेले जुने कपडे घालून यायचं, काही न बोलता, दोन-तीन वर्षं लागोपाठ. आपोआप उतरतं ते.

घरात

घरातलं थोडक्यात सांगते, बायांना समजेल. करंज्या, अनारसे, चकल्या, शंकरपाळे, मग केक, मग पाहुणे, आणि आगमनकाळाचे चार रविवार तेलासमोर जातात. घरचा कर्ता तेवढ्या वेळात तरुण संघासोबत गाणी म्हणायला फिरतो आणि रात्री अकराला बारा जणांना घेऊन येतो, चहा टाक म्हणून. दासाचं रूप घ्यायचं ते इथून सुरू करा भाऊ. सारण भरा, भांडी घासा, आणि केल्याचं चार ठिकाणी सांगू नका. फराळाचे प्रकार दोनच करा, कोणी उपाशी मरत नाही.

नम्रता कोणाला शिकवायची नाही

हे मात्र नीट वाचा. सासूने छळलेल्या सुनेला, मुकादमाने पैसे दाबलेल्या मजुराला, दारू पिऊन मारणाऱ्याच्या बायकोला "प्रभू बघ कसा नम्र झाला, तू पण सहन कर" असं सांगू नका. मी हे प्रार्थनासभेत ऐकलंय आणि अंगाचा तिळपापड झाला. येशू वरून खाली आला, आपणहून आला. जो आधीच खाली दाबलेला आहे त्याला अजून दाबायला ते वचन दिलेलं नाही. उलट मरियेचं स्तोत्र काढा, लूकचा पहिला अध्याय, ती गरोदरपणातच म्हणते की देवाने अधिपतींना राजासनांवरून ओढून काढलंय आणि दीनांना उंच केलंय, भुकेल्यांना उत्तम पदार्थांनी तृप्त केलंय आणि धनवानांना रिकामं लावून दिलंय. ही त्याची आई, अशी बोलणारी. तेव्हा त्या सुनेसोबत पोलीस ठाण्यात जाऊन बसा, मजुराच्या उचलीचा आणि तोडीचा हिशोब वहीत लिहून द्या, म्हणजे मुकादमासमोर त्याला बोलता येईल. नम्र व्हायचं असेल तर मुकादमाने व्हावं, मालकाने व्हावं, आपण व्हावं.

गव्हाणी बांधायची असेल तर

गव्हाणीचा देखावा सुरू कसा झाला माहितीये का, १२२३ साली इटलीत ग्रेच्चो नावाच्या गावी असिसीच्या फ्रान्सिसने खरी गव्हाणी, खरं गवत, खरा बैल आणि गाढव आणून ठेवलं, कशाला, तर बाळाला कशाकशाविना राहावं लागलं ते लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. आता आपण त्यावर एलईडी माळा, कारंजं आणि झगमगीत कागद लावतो आणि स्पर्धा घेऊन नंबर काढतो. यंदा पोरांना घेऊन साधी करा, कडबा, दोन विटा, फाटकं गोणपाट, पुतळे मातीचे, पोरांनीच केलेले वाकडेतिकडे. गाढव ठेवायचं तर ठेवा, पोरांना आवडतं, लूकला राग येणार नाही.

आणि नाटकात दरवर्षी मरिया गोरी पोरगी आणि मेंढपाळ सावळी पोरं, हे बंद करा, चिठ्ठ्या टाका.

एवढं सगळं एकदम होणार नाही, त्यातलं कोपीवर जायचं तेवढं आधी धरा. कोणाच्या घरचे कुठल्या फडात आहेत त्याची यादी १० डिसेंबरच्या आत करा, चर्चच्या रजिस्टरवरून नावं निघतील, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे मुकादमाचा नंबर असतो. नंतर फराळाच्या धांदलीत कोणाला सवड नसते, आणि मुकादमाने टोळी दुसऱ्या फडावर हलवली की मग माणसं शोधत फिरावं लागतं.